खाल्ल्यावर द्याची गोळी

आमच्या घरी सकारी पहिला आवाज बुढीचा यायचा. बुढी म्हणजे माही सासू. उठली का आधी खोकलायची, मंग चुलीतली राख खरडायची, मंग कोंबड्यायले शिव्या द्यायची, अन् कोंबड्या झाल्या का मले. मी लग्न होऊन आली तवा अठराची होती. सातवी पास, आठवीत नाव होतं पण शाळा दोन गावं सोडून अन् मधी नाला, म्हून सुटली. घर मातीचं, समोर सपरी म्हणजे ओसरी, मांगं वाडी, वाडीत एक जुना फणस अन् वांग्याची दोन रोपं. आतमधी अंधार, अन् त्या अंधारात बांबूची मोठी ढोली, माणसाच्या उंचीची, धानानं भरलेली. मले त्या ढोलीचा वास आवडायचा. कोणी रागावलं का मी तिच्या मांगं जाऊन उभी राहायची, जशी काई तीच माही माय.

खाणं काई जास्तीचं नोतं. सकारी आंबील, नाई तं पेज. पेज म्हणजे भाताचं पातळ पाणी, मीठ टाकून, वाटीनं प्यायचं. दुपारी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, भात अन् लाखोरीची डाळ, सांजेले भात अन् सुकी मासोळी भाजून, मिरचीसोबत. आमच्याकडं भात खाल्ला तरच माणूस जेवला म्हणतेत. पेज प्याल्यावर कोणी जेवली का म्हून इचारलं तं आम्ही नाई म्हणतो, अन् खरंच सांगून राह्यलो असतो. ही गोष्ट मी आधीच लिहून ठेवते, काऊन का पुढं सगळं हिच्यावरच आहे.

माह्या लेकराले भात आवडायचा. बुढीच्या मांडीवर बसून तिच्याच ताटातून खायचा. एकेक शीत उचलायचा, डोळ्यासमोर धरायचा, पाहायचा अन् मंग तोंडात. भांड्याच्या बुडाचा करपलेला भात त्याचा. तो दुसऱ्या कोणी घेतला तं भोकाड पसरायचा. बुढी म्हणायची, "हा मागच्या जन्मी मालगुजार होता वो, पाह्य कसा धान पारखते." अडीच वर्साचा होता. त्याचं नाव मी आत्ता लिहीत नाई. आमच्या घरी ते कोणी घेत नाई, अन् माह्या हाताले बी त्याची सवय राह्यली नाई.

मी भेकड होती. आता थोडी कमी आहे, तवा भल्ली होती. बसचा कंडक्टर, शाळेतला मास्तर, ग्रामसेवक, खिशाले पेन असलेला कोणीबी माणूस बोलला का त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच मी "हव" म्हणून मोकळी. समजलं का? हव. ऐकलं का? हव. दुसऱ्यांदा इचारणं म्हणजे समोरच्याचा टाइम खाणं, अन् आपण अडाणी आहो हे चार लोकायत सांगणं. माहे घरचे, म्हणजे लेकराचा बाप, हसायचे. म्हणायचे, "तुले कोणी म्हटलं का इहिरीत उडी मार, तरी तू हवच म्हणशील." मी म्हणायची, "हव." अन् मंग आम्ही दोघंबी हसायचो. तवा आम्ही हसायचो.

गावाहून कोसभरावर सरकारी दवाखाना. डाक्टर यायचे अन् जायचे. एक आला तं सहा महिन्यांत बदली, दुसरा आला तं हप्त्यातून दोन दिस मीटिंगले तालुक्यात. पण दवाखान्याच्या बाजूले जाळीची एक खिडकी होती, ते कधी रिकामी नसायची. तिथी मेश्राम बाई बसायच्या. चामोर्शीकडच्या, चंद्रपुरात दोन वर्स औषधाचं शिकलेल्या, तिशीच्या, चश्मा, केसायची घट्ट वेणी. सगळे त्यायले गोळीबाई म्हणायचे. डाक्टर रोग सांगायचा, पण रोगासंग जगायचं कसं ते गोळीबाई सांगायची. कागदाच्या पुडीवर पेनानं सूर्य काढायची, चंद्र काढायची, सूर्य तं सकारी, चंद्र तं सांजेले. कोणाले कोणती गोळी चालू आहे ते तोंडपाठ. माह्या भासऱ्याले, म्हणजे ह्यायच्या मोठ्या भावाले, बीपीची गोळी होती अन् त्यायले मोहाची दारू घ्यायची सवय. गोळीबाईनं एकडाव खिडकीतून सगळ्या लाइनीसमोर म्हटलं, "भाऊ, गोळी घ्या नाई तं मोहाची घ्या. दोन्ही एकदम घ्याल तं मले तुमच्या तेरवीले या लागन, अन् मले तेरवीचं जेवण पचत नाई." लाइन हसली. भासरे बी हसले. पण त्यायनं ते मनात ठेवलं.

तो रोवण्याचा टाइम होता. बांधीत गुडघाभर चिखल, आम्ही दहाबारा बाया वाकून धानाचे रोप लावून राह्यलो होतो अन् गाणं चालू होतं. गाणं एक बाई उचलते अन् बाकीच्या ओढतेत, त्याच्यानं कंबर दुखत नाई म्हणते, दुखते, पण समजत नाई. दोन दिसापासून लेकराचं आंग तापत होतं. सकारी तापायचं, दुपारी घाम येऊन उतरायचं, मंग हिव भरायचं, दात वाजायचे. बुढी म्हणे, दृष्ट लागली. मिरच्या ओवाळल्या. तिसऱ्या सकारी मी त्याले खांद्यावर टाकलं अन् दवाखान्यात गेली, एकटीच, ह्यायले बांधी सोडता येत नोती.

बोटातून रक्ताचा थेंब घेतला. हिवताप निघाला. चिठ्ठी घेऊन मी खिडकीच्या लाइनीत लागली. लाइन मोठी होती, रोवण्यात अर्ध गाव आजारी पडते. माह्या मांगची बाई माह्या पाठीले कोपर लावून राह्यली होती. लेकरू खांद्यावर झोपलं होतं, त्याचा गरम श्वास माह्या मानेले लागत होता. तो श्वास मले अजूनही त्याच जाग्यावर लागते कधीकधी.

गोळीबाईनं चिठ्ठी पाह्यली, पाकीट काढलं, पुडीवर तीन सूर्य काढले.

"हे तीन दिसाचं आहे. पाण्यात कुस्करून द्याची. उपाशीपोटी देऊ नोको, आधी खाऊ घाल, खाल्ल्यावरच दे, नाई तं उलटी करन. समजलं?"

"हव."

"पहिली इथीच द्या लागते माह्यासमोर." मंग तिनं जाळीतून वाकून पाह्यलं. "झोपला का?"

"हव."

"राहू दे मंग, उठवू नोको. घरी गेल्यावर खाऊ घाल अन् दे. आजच दे बरं. नक्की?"

"हव."

"पुढं या."

एवढंच झालं. कितीकडाव मी ते आठवून पाह्यलं. त्यात एकबी शब्द खोटा नोता, एकबी शब्द कडू नोता. ती चांगली बोलली. मी बी चांगलं ऐकलं. ऐकलं म्हूनच तं.

घरी आली, भात टाकला. लेकरानं तोंड फिरवलं. डाळ कालवली, नाई. करपलेला भात खरडून देल्ला, त्यानं हातात घेतला, पाह्यला अन् खाली टाकला. दोन घोट पेज प्याला, बस. मी गोळीचं पाकीट हातात घेऊन बसली होती. आता खाईन, मंग खाईन. सांजेले हे आले, दारातूनच पाय धुता धुता इचारलं, "गोळी देल्ली का?"

"हव."

मी लबाड नोती. मी द्यायचीच होती, त्यानं चार शितं खाल्ले का लगेच द्यायची होती, तवरक नाई म्हटलं असतं तं हे रागावले असते, बुढीनं काऊन नाई देल्ली म्हून इचारलं असतं, अन् मले सांगता आलं नसतं. म्हून हव. ते एक हव तोंडातून निघालं अन् मंग मले परत घेताच आलं नाई.

दुसऱ्या दिशी बी त्यानं खाल्लं नाई. मी गुळाचा खडा लावून पाह्यला, शेजारून मुरमुरे मांगून आणले, पोपटाची, म्हणजे वालाची, डाळ शिजवली. भाताचं एक शीत त्याच्या तोंडात गेलं नाई. पेज तेवढी वाटी वाटी गेली. पाकीट मी पदरात बांधून फिरत होती. मनात येत होतं, देऊन टाकू का उपाशीपोटीच. पण बाईनं नोको म्हटलं होतं. शिकलेल्या बाईनं म्हटलं होतं. उलटी झाली, काई कमीजास्त झालं, तं म्हणतीन तुले सांगतलं होतं ना? दवाखान्यात जाऊन इचारावं, तं परत ती लाइन, परत ती खिडकी, अन् सगळ्यायसमोर इचारायचं का बाई, त्यानं खाल्लंच नाई तं काय करू? मले वाटलं, हे काय इचारायची गोष्ट आहे, कोण्याबी मायले हे समजत असन, मलेच समजून नाई राह्यलं. तीन घंटे मी सपरीत बसून राह्यली हे ठरवत. आता माही पोरगी चवथीत आहे, ते मास्तरले दिसातून दहाडाव हात वर करून इचारते अन् मास्तर तिले बस खाली म्हणते, तरी इचारते. तिचा हात वर गेलेला पाह्यला का मले रडू येते. लोकायले वाटते, पोरीचं कवतिक आहे.

तिसऱ्या दिशी दुपारी त्याचे डोळे वर गेले. हातपाय ताठ झाले, आंग झटके द्याले लागलं. बुढी किंचाळली. हे बांधीतून चिखलाच्या पायानं धावत आले, फटफटीवर मी मधी बसली, लेकरू माह्या मांडीवर. दवाखान्यात सुई देल्ली अन् गाडीत टाकलं, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणे. गाडीच्या खिडकीतून दोन्हीकडं हिरवी बांधी अन् बांधीत वाकलेल्या बाया दिसत होत्या. त्यायचं गाणं ऐकू येत नोतं, गाडी आवाज करत होती. गाडी पोचली नाई तवाच मले समजलं होतं. मांडीवरचं वजन बदलते. ते मायले समजते, डाक्टरनं सांगा लागत नाई.

याच्यावर मी जास्ती लिहीत नाई.

लेकराचा तिसरा दिस झाला अन् भासरे सपरीत बसून बोलाले लागले. "हिवतापानं आमच्या गावात लेकरं मरत नाईत आताशा. आमची पोट्टी गोळ्या खाऊन आठ दिसात उड्या मारत होती. गोळीच खराब असन. जुना माल असन. त्या बाईनं काय देल्लं कोणाले मालूम." लोक मान हलवत होते. कोणाले तरी राग काढाचा होता, अन् गोळीबाईवर तो सहज निघत होता, बाहेरची बाई, तोंडाची फटकळ. बुढी म्हणे, "सून तं देत होती ना गोळ्या, मले मालूम आहे, पदराले बांधूनच फिरत होती." मी ढोलीच्या मांगं उभी होती. पाकीट मी त्याच ढोलीत, धानात कोपरापर्यंत हात घालून दडवलं होतं. सगळं पाकीट. एकबी गोळी न फुटलेली.

भासऱ्यायचा अर्ज गेला. पंधरा दिसानं तालुक्याचे मोठे डाक्टर चौकशीले येतीन असं समजलं. अर्ज गेल्यावर चवथ्या दिशी गोळीबाई आमच्या घरी आली. एकटीच, पायी. हे अन् भासरे बांधीवर होते, बुढी वाडीत. ती सपरीत टेकली, मी पाणी देल्लं. तिनं लोटा हातात धरून ठेवला, प्याली नाई.

"बाई, मी भांडाले नाई आली. मले फक्त ते पाकीट पाहाचं आहे. रिकामं असन तरी चालन. त्यावर नंबर असते, त्या नंबरच्या गोळ्या मी अजून चाळीस लेकरायले देल्ल्या. खराब असतीन तं मले त्या सगळ्यायच्या घरी जा लागन, आजच."

मी म्हटलं, "फेकलं."

"कुठी फेकलं?"

"चुलीत."

तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. लई येळ पाह्यलं. मले वाटते तिले समजलं होतं, पण मंग ती उठली, लोट्यातलं पाणी तुळशीत टाकलं अन् म्हणे, "चार दिसापासून मले झोप नाई वो. तुले बी नसन." अन् गेली. मांगून मले समजलं, ती खरंच त्या चाळीस घरी गेली होती, गावोगावी, रोवण्याच्या चिखलातून, एकेक लेकरू पाहात.

चौकशी दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. बाजाराचा दिस, म्हून गर्दी. मोठे डाक्टर खुर्चीवर, समोर रजिस्टर. गोळीबाई आपल्या खिडकीच्या बाजूले उभी, दोन्ही हात समोर बांधून, जशी शाळेत पोरगी उभी राहाते. भासरे बोलले, सरपंच बोलले. मंग डाक्टरनं बुढीले इचारलं, "गोळ्या वेळेवर दिल्या होत्या का?"

"देल्ल्या ना साहेब. सूनबाईनं देल्ल्या."

डाक्टर लिवाले लागले. त्यायचा पेन कागदावर चालत होता अन् मले दिसत होतं का हे लिवून झालं का झालं. मी ह्यायच्या मांगं, पदर डोक्यावर. पाकीट मी सकारी ढोलीतून काढलं होतं. काऊन काढलं, मले बी मालूम नोतं. घरी ठेवायचं भेव वाटलं अन् फेकायचं बी. ते माह्या मुठीत होतं, घामानं ओलं.

मी पुढं गेली अन् ते टेबलावर ठेवलं.

एकबी गोळी फुटली नोती. पाकिटाच्या कोपऱ्याले धानाचं तूस चिपकलं होतं.

"हे काय?" डाक्टर म्हणे.

भासरे म्हणे, "दुसरं पाकीट असन."

"नाई," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी भासऱ्यासमोर तोंड उघडलं. "हेच आहे. मी देल्लीच नाई."

डाक्टरनं पेन ठेवला. "का नाही दिली, बाई?"

"त्यानं खाल्लंच नाई साहेब. खाल्ल्यावरच दे म्हटलं होतं. मी तीन दिस वाट पाह्यली. त्यानं खाल्लंच नाई."

गर्दीत मांगून कोणीतरी म्हणे, "काय अडाणी बाई आहे वो! लेकरू मारलं अडाणीपणात." दुसरी म्हणे, "चूप." डाक्टरनं डोळे मिटले, मंग गोळीबाईले म्हणे, "मॅडम, तुमच्यावर आता काही येत नाही. गोळ्या ठीक, सूचना दिलेली. मी तसं लिहितो."

गोळीबाई पुढं आली. मले वाटलं, सुटली, आता ती रागावन, म्हणन घरी आली होती तवा काऊन नाई सांगतलं. तिनं ते पाकीट उचललं, उलटंपालटं केलं, अन् डाक्टरकडं फिरली.

"असं लिहू नका सर. तिनं अडाणीपणा नाई केला. मी जे सांगितलं ते तिनं अक्षर न् अक्षर केलं. नाही खाल्लं तर काय करायचं, ते मीच सांगितलं नाही. तापातलं लेकरू खात नाही हे मले शिकवलेलं आहे. तिले कोणी शिकवलं? अन् पहिली गोळी माह्यासमोर द्यायची असते. लेकरू झोपलं होतं, लाइन मोठी होती, मी राहू दे म्हटलं. ते बी लिहा."

"मॅडम, विचार करून बोला."

"पंधरा दिवस तेच केलं सर."

आम्ही घरी आलो. दाराशी पोचल्यावर हे थांबले अन् माह्याकडं न पाहाता म्हणे, "मी इचारलं होतं तुले." एवढंच. मारलं नाई, हाकललं नाई, दुसरी बायको केली नाई. पुन्हा कधी ते वाक्य बोलले बी नाईत. पण त्या दिसापासून आमच्या घरी लेकराचं नाव बंद झालं. बुढी करपलेला भात कोंबड्यायले टाकाले लागली. शिव्या बी बंद केल्या तिनं, मले बी अन् कोंबड्यायले बी. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं.

गोळीबाईले कागद आला म्हणे, समज देल्ली म्हणे, नोकरी राह्यली. पण खिडकी बदलली. जाळीच्या आतमधी तिनं पाण्याचा लोटा, गुळाचा डबा अन् मुरमुऱ्याचं डबडं ठेवलं, आपल्याच घरून. लेकरू झोपलेलं असो का रडत, उठवायची, चिमूटभर मुरमुरे नाई तं गुळाचं पाणी तोंडात घालायची अन् पहिली गोळी तिथंच. मंग मायले म्हणायची, "आता तू सांग मले. घरी जाऊन काय करशील?" हव म्हटलं तं पुडी देत नोती. "हव नोको. सांग." लाइन नाल्यापर्यंत जायची, लोक चिडायचे. "गोळीबाईची शाळा भरली, पाटी आणली का?" भासरे म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. औषधाचं शिकणाऱ्या पोरी चंद्रपुरावून तिच्याकडं कामाले यायच्या, तीन महिने तिच्याजवळ शिकायच्या. त्यायले ती गोळ्यायची नावं मांगून इचारायची, आधी एकीले म्हणायची, तू माय हो, तुले समजलं नाई तरी तू हव म्हणून राह्यली, मंग दुसरीले म्हणायची, हिले समजलं नाई हे तू कसं ओळखशील सांग.

एकडाव तिनं मले निरोप धाडला. ये म्हणे, या पोरीयले सांग तुह्या तोंडानं, मी शंभरडाव सांगतलं तरी माह्या तोंडून ते त्यायले पुस्तकच वाटते. मी हव म्हटलं. त्या दिशी मी लुगडं बदललं, दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली. आतून पोरीयचं हसणं ऐकू येत होतं, त्यायच्या पांढऱ्या कोटायचे टोकं दिसत होते. मी चिंचेखाली उभी राह्यली, मंग फिरली अन् घरी आली. गोळीबाईनं परत बोलावलं नाई. दोन वर्सानं तिची बदली सिरोंच्याकडं झाली. जातानी मी भेटाले गेली नाई. ते राह्यलं माह्याकडून. आणखी बी पुष्कळ राह्यलं, पण हे टोचते.

आता त्या खिडकीत एक भाऊ असतेत. चांगला माणूस आहे, चंद्र सूर्य नाई काढत, पण अक्षर चांगलं आहे. घाईत असतेत, दोन दवाखान्यायचं काम एकट्यावर. गुळाचा डबा गेला. मागच्या रोवण्यात मी बुढीची बीपीची गोळी आणाले गेली होती. माह्यासमोर लाइनीत एक पोरगी, एटापल्लीकडची, आमच्या गावात देल्लेल्या बहिणीजवळ राहाले आली होती म्हणे, कमरेवर तिचं लेकरू, त्याचे गाल तापानं लाल. भाऊनं पाकीट देल्लं, सांगतलं. खाल्ल्यावर. तीन दिवस. समजलं?

"हव," ती म्हणे. मान लवकर लवकर हलवत, पाय पुढं टाकत, कधी इथून सुटते असं झालेलं. ती मान माही होती.

माहा नंबर आला होता. मी लाइन सोडली अन् तिच्या मांगं धावली. मले आता धाप लागते, फाटकाशी पोचली तं बोलता येईना. तिचा दंड धरला. ती दचकली.

"बाई, गोळी कशी देशील?"

"काऊन? तुम्ही कोण?"

"सांग ना."

"खाऊ घालून देईन. भाऊनं सांगतलं ना."

"अन् त्यानं खाल्लंच नाई तं?"

तिनं लेकराले कमरेवर वर सरकवलं. मंग म्हणे, "मंग कशी देऊ? खाल्ल्यावर देईन."

मी तिले त्याच चिंचेखाली बसवलं. माह्या पिशवीत बुढीसाठी घेतलेला गूळ होता, बाटलीत पाणी होतं. बाटलीच्या झाकणात गूळ इरघळवला, लेकराच्या तोंडात घातला, मंग तिच्याच हातानं गोळी कुस्करून घातली. त्यानं अर्धी थुकली. ती घाबरली. मी म्हटलं, भाऊले दाखव, तो परत देईन, इचाराले लाजू नोको. तिचं म्हणणं झालं, लोक हसतीन. म्हून मी तिले सांगतलं. सगळं सांगतलं, करपलेला भात, पाकीट, ढोली, गाडीच्या खिडकीतून दिसलेल्या बाया. पांढऱ्या कोटवाल्या पोरीयले सांगाचं होतं ते, एवढ्या वर्सानं, एका पोरीले, चिंचेखाली. मी रडली नाई. ती रडली.

"नाव काय होतं त्याचं?" तिनं इचारलं.

मले घडीभर तोंडातच आलं नाई. मंग आलं. "सोहम."

आम्ही परत खिडकीशी गेलो, भाऊनं दुसरी गोळी देल्ली, उलटी झाली तं परत या म्हणे. ती निंघाली तवा मी म्हटलं, "आता तू सांग मले."

तिनं लेकराले दुसऱ्या कमरेवर घेतलं अन् शाळेत म्हणतेत तसं म्हटलं, "पेज प्याला तरी द्याची. गुळाचं पाणी पाजून द्याची. काईच नाई घेतलं तं घरी बसून वाट नाई पाहाची, इथी याचं. सोहमच्या मायवानी भेवून नाई राहाचं."

सोहमची माय. इतक्या वर्सात मले कोणी असं म्हटलं नोतं. मी "हव" म्हटलं.